चार गाठींची फांदी

मेल्याच्या तिसऱ्या दिवशी सिंगानोचा सलीम झाला.

शेखची दुआ नुकतीच संपली होती. अंगणात बायका मक्याचं पीठ घोटून केलेल्या बाद्याची पातेली उतरवत होत्या, पुरुष चटयांवर बसले होते, आणि जिल्ह्याहून आलेला एक साहेब, पायात चकचकीत बूट, हातात प्लास्टिकच्या पिशवीतला कागद, असा सगळ्यांच्या मधोमध उभा राहून वाचायला लागला. "दिवंगत सलीम शेमिलू, वनस्पतिशास्त्राचे निष्ठावान मदतनीस..." मयताच्या घरी साहेबाला कोण टोकणार! दुसऱ्या ओळीत परत सलीम. तेव्हा म्वानाइदी चुलीपासून उठली. बादा घोटायचा लाकडी दांडा हातातच होता, पिठानं माखलेला.

"ए साहेब," ती म्हणाली, "कुणाच्या मयताला आलायस तू?"

पुढं काय झालं ते सांगायचंच आहे. पण आधी सिंगानो कोण होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर ही बाई एवढी का पेटली ते समजायचं नाही. लोक म्हणतात दुःखानं डोकं फिरलं तिचं. दुःख होतंच. डोकं मात्र जागच्या जागी होतं.

सिंगानो शेमहिलू, आमच्या गावचा, क्वेहंगल्याचा. म्वानाइदीचा सख्खा भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी थोरला. शाळा तीन यत्ता, ती पण रडतखडत. त्याची खरी शाळा रानात भरायची. झाडाची साल कोयत्यानं नखभर खरवडायची, नाकाला लावायची की नाव सांगून मोकळा. लहानपणी म्वानाइदी त्याचे डोळे कांग्याच्या, अंगावर गुंडाळायच्या कापडाच्या, पदरानं बांधून त्याच्या नाकाखाली काय काय धरायची, पानं, मुळ्या, एकदा तर बकरीची लेंडी धरली. "ही शेजारच्या बकरीची," तो म्हणाला, "आपली बकरी एवढं चांगलं खात नाही." असा माणूस.

गोरे लोक झाडं गोळा करायला आले तेव्हा विशीतला सिंगानो त्यांच्या पेट्या उचलायला गेला. आठ दिवसांत पेट्या उचलायला दुसरा माणूस ठेवावा लागला, कारण सिंगानोला त्यांनी पुढं घातलं होतं, वाट दाखवायला आणि नावं सांगायला. मग तीस वर्षं तो तेच करत राहिला. फूल आणि फळ दोन्ही असलेली फांदी शोधायची. कोयत्यानं एका घावात तिरकी तोडायची. जुन्या वर्तमानपत्रात पसरायची, एक पान सुलटं, एक उलटं. वर पुठ्ठा, लाकडी चौकट, पट्टे आवळायचे, खाली रॉकेलचा स्टोव्ह लावायचा आणि तीन-तीन दिवस त्या धुरात बसून फांद्या वाळवायच्या. झाडं वाळली, छातीही वाळली. तो खोकला तेव्हापासूनचा.

लिहिणं त्याला जमायचं नाही, पेन्सिल धरली की हात जड व्हायचा. म्हणून त्यानं आपली रीत काढली. ज्या डोंगरावर फांदी तोडली तिथल्याच रानकेळीच्या सोपटाची दोरी काढायची, फांदीला बांधायची, आणि डोंगराप्रमाणे गाठी मारायच्या. पलीकडच्या म्बोघोई डोंगराला एक. ओढ्याकाठाला दोन. चहाच्या मळ्यावरच्या रानाला तीन. आणि चार म्हणजे घर. घर म्हणजे आमचा कडा, त्याच्यावरची कुळाची देवराई. पहिल्याच वर्षी त्यानं त्या गोऱ्यांतल्या इंगाबाईला बोटांवर मोजून हे सांगितलं होतं. "चार गाठी तुला कधी दिसणार नाहीत बाई," तो म्हणाला होता. ती हसली होती, आणि वहीत लिहून घेतलं होतं. ती सगळंच लिहून घ्यायची. कोण शिंकलं तेही लिहायची.

इंगाबाई म्हणजे झाडांची मोठी प्रोफेसर, परदेशातली. दर वर्षी-दोन वर्षांनी यायची. सिंगानोला "माझा मित्र" म्हणायची आणि ओझं त्याच्या पाठीवर द्यायची. म्वानाइदीला ती कधी आवडली नाही. चहा दिला की आधी पेल्यात वास घ्यायची, म्हणून.

आता देवराईचं सांगते. तिच्याभोवती हद्दीची झाडं लावलेली आहेत, ती हिरव्या पट्ट्यासारख्या पानांची, ज्यांची नुसती काठी रोवली तरी मूळ धरते. त्या हद्दीच्या आत आमचे पूर्वज पुरलेत. आत जायचं तर पायात काही घालायचं नाही, अंगावर लोखंड न्यायचं नाही, आणि आतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. बाहेरच्या माणसाला तर ती कुठं आहे हेही सांगायचं नाही. राखण कनिकीकाकाकडं, सिंगानोच्या बापाचा धाकटा भाऊ. पाऊस रुसला की तो आत जाऊन काय ते बोलतो. कुळातलं कुणी मेलं तर हद्दीच्या आतल्या कडेला पुरतात. बाहेर पुरतात ते परके, नाहीतर कुळानं टाकलेले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. इंगाबाई शेवटचा फेरा म्हणून आली होती. पंधरा दिवस हिंडली, नवं काही मिळालं नाही. निघायच्या आदल्या दिवशी चौकटी बांधता बांधता ती म्हणाली, "सिंगानो, संपलं रे तुझं रान. आता तुझ्याकडं मला दाखवायला काही उरलं नाही."

असं बोलायचं नव्हतं तिनं. ह्या माणसाला दुसरं काय येत होतं? जमीन टीचभर, बायको कधीच गेलेली, पोर नाही. रान एवढंच त्याचं. ते संपलं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो अनवाणी निघून गेला आणि दुपारी एक फांदी आणि बुंध्याचं फूल घेऊन आला. म्होंगोलेची फांदी. म्होंगोले हे झुडूप आमच्याकडं सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक, पुरुषभर उंच, सीताफळाच्या जातकुळीतलं. पान वीतभर, खालून तांबूस लव. फूल शेंड्याला येत नाही, खाली बुंध्यालाच येतं, पालापाचोळ्यात लपलेलं, सहा जाड पाकळ्या, वास नासलेल्या दुधासारखा. इंगाबाईनं भिंग लावलं आणि खालीच बसली. अर्धा तास उठली नाही. मग तिनं विचारलं, "कुठं मिळालं?"

आणि सिंगानो खोटं बोलला. म्हणाला, "म्बोघोईवर."

दुसरं काय सांगणार होता? देवराईतून आणली असं सांगितलं असतं तर कुळातून गेला असता, आणि ती बाई बूट घालून आत शिरली असती. तिनं म्बोघोईवर नेऊन दाखव म्हटलं तर हा दोन दिवस तिला तिथं फिरवत राहिला. एका मोकळ्या जागी थांबून म्हणाला, "इथंच होतं. बकऱ्यांनी खाल्लेलं दिसतंय." बाईनं तीही जागा वहीत लिहिली. बकऱ्यासुद्धा लिहिल्या.

नव्या झाडाला नाव द्यायचं तर त्याची एक वाळवलेली फांदी कायमची जपून ठेवतात. जगात कुणी विचारलं ते झाड कुठलं, तर ही फांदी दाखवायची. तशी ती ठेवली गेली, तिच्या देशातल्या कपाटात. छापील वर्णन आलं, चार पानी. पान किती, देठ किती, एका नखाएवढ्या जागेत केस किती, सगळं मोजलेलं. नाव ठेवलं एका श्रीमंत म्हाताऱ्याचं, ज्यानं त्यांच्या कपाटांसाठी देणगी दिली होती आणि ज्यानं आमचा डोंगर सोडा, आमचा समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. सिंगानो शेवटच्या पानावर होता, आभारात, बारीक अक्षरात, तोही शेमिलू म्हणून. केस मोजणाऱ्या बाईला एक नाव नीट उतरवता आलं नाही. म्वानाइदीनं ती चार पानं वाचून घेतली तेव्हा म्हणाली होती, "दादा, तुझ्या नावातला एक दात पाडला रे हिनं." सिंगानो हसला नाही. त्या झाडाचा विषय निघाला की तो हसायचाच नाही. का, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

दोन वर्षांनी म्बोघोईला तारेचं कुंपण पडलं. दुर्मीळ झाड आहे, जगात फक्त इथं आहे, आत जायचं नाही. रखवालदार आले, चौकी आली, पाटी आली. म्वानाइदी लग्न होऊन म्बोघोईच्या पायथ्याच्या गावात दिलेली. तिथल्या बायकांचं सरपण त्या डोंगरावर, आळंबी तिथं, औषधाच्या मुळ्या तिथं. आता वाळकी काटकी उचलायची चोरी झाली. आणि दर वर्षी उरासा नावाचा एक शिकलेला पोरगा, विद्यापीठातला, इंगाबाईचा चेला, ते झाड मोजायला यायचा. त्याला ते सापडायचं नाही. सापडेल कुठून! मग रखवालदार म्हणायला लागले, या बायकांनीच तोडून चुलीत घातलं.

एकदा म्वानाइदीलाच धरलं. डोक्यावर वाळक्या काटक्यांची मोळी होती. कोयता काढून घेतला, मोळी काढून घेतली, आणि तिला दिवसभर चौकीसमोर उन्हात बसवलं. पंचावन्न वर्षांची बाई. येणारंजाणारं बघत होतं. रखवालदार, तिच्या जावयाच्या वयाचा, विचारत होता, "सांग म्हातारे, कुठं जाळलंस ते झाड? काय शिजवलंस त्याच्यावर?"

"तुझ्या बापाच्या मयताचं जेवण," ती म्हणाली. म्हणून अजून एक तास बसवलं.

तिथून ती घरी गेली नाही. सरळ ओढा ओलांडून, चढ चढून क्वेहंगल्याला आली. सिंगानो दारात बसून सोपटं सोलत होता.

"दादा, ते मेलं झाड एकदा दाखव मला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघू दे. ज्याच्यापायी मला चोर केली त्याचं तोंड तरी बघू दे. आणि सापडलं ना, उपटते बघ मुळासकट!"

सिंगानोनं मान वर केली नाही.

"म्बोघोईवर नाही ते," तो म्हणाला. "कधीच नव्हतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. घामानं कांगा अंगाला चिकटला होता, उन्हानं तोंड सोललं होतं.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं आम्ही बायका शिव्या खातोय, आणि तुला ठाऊक होतं?"

"देवराईचं कसं सांगू, बाई?"

"मग आणलीस कशाला फांदी? त्या गोऱ्या म्हातारीनं डिवचलं म्हणून? आम्ही डिवचलं असतं तर आणली असतीस?" तिनं त्याच्या पुढ्यातली सोपटांची टोपली लाथेनं उडवली. "बोल की आता! रानात तर फार बोलायचास, हे अमुक, ते तमुक!"

तो उठून सोपटं गोळा करायला लागला. तिला त्याचाही राग आला. पाणीसुद्धा न पिता ती परत फिरली, आणि पाच महिने भावाच्या दारात आली नाही. त्या पाच महिन्यांपायी तिला आता स्वतःचाच राग येतो.

पाच महिन्यांनी दगडवाले आले. खाली रस्ता व्हायचा होता, खडी पाहिजे होती, आणि आमचा कडा चांगल्या काळ्या दगडाचा. शाळेच्या पटांगणात सभा भरली. म्बोघोईकडचे लोकही आले, म्वानाइदीही आली, भावाकडं न बघता बायकांत बसली. कौन्सिलचा साहेब, हाच तो चकचकीत बुटांचा, नकाशा घेऊन आला होता. म्बोघोई हिरवा रंगवलेला. आमचा कडा पांढरा.

कनिकीकाका काठी टेकत उठला. "त्या कड्यावर आमची देवराई आहे."

"आजोबा, देवराईच्या गोष्टी नातवंडांना सांगा," साहेब म्हणाला. "कागदात काय आहे ते बोला. दुर्मीळ म्हणून जे काही आहे ते म्बोघोईवर आहे. त्याला कुंपण घातलंय. तुमच्या कड्यावर नोंद करण्यासारखं काही नाही."

सिंगानो मागं भिंतीला टेकून उभा होता. आत्ता गप्प बसला तर दगडवाले देवराई फोडणार. बोलला तर कूळ त्याला हद्दीबाहेर काढणार. तिसरी वाट नव्हती. म्वानाइदीनं तेव्हा पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्यानं चपला काढल्या. पटांगणात चपला काढायची काही गरज नव्हती. पण काढल्या, आणि पुढं आला.

"ते झाड म्बोघोईचं नाही," तो म्हणाला. "देवराईतलं आहे. मी आणलं. मी खोटं बोललो."

मग साहेब हसला. "वा! आजवर झाड तिकडं होतं. दगड काढायचे म्हटल्यावर इकडं आलं. पाय फुटले का झाडाला?"

लोक हसले. काही म्बोघोईच्या बायका उठून ओरडायला लागल्या, "आमच्या डोक्यावर आळ घातलास तू!" एकीनं चप्पल फेकून मारली. म्वानाइदीनं ती चप्पल उचलून तिच्याच मांडीवर आदळली. "माझ्या भावाला मारायचं तर मी मारीन. तू कोण?"

कनिकीकाका मात्र हलला नव्हता. "तू आतली फांदी बाहेर आणलीस?"

"आणली, काका."

"गोऱ्या बाईला दिलीस?"

"दिली."

"मग आजपासून हद्दीच्या आत पाय ठेवायचा नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावरही नाही." एवढं बोलून म्हातारा खाली बसला.

म्हणजे कुळानं टाकला, आणि सरकारनं विश्वास ठेवला नाही. एका वाक्यात दोन्हीकडून गेला.

उरासा त्या सभेत होता. पोरगा तसा सरळ. तो सिंगानोला बाजूला घेऊन गेला, फोन लावला, आवाज मोठा केला. म्वानाइदी मागोमाग गेली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. इंगाबाई आता पार म्हातारी झाली होती, आवाज पातळ झाला होता.

"सिंगानो, मित्रा, कागदावर म्बोघोई लिहिलंय. तूच सांगितलंस."

"मी खोटं सांगितलं, बाई."

"तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस," ती म्हणाली. "तू थकलायस. वयानं असं होतं. मलाही होतं."

बघा आता! खोटं बोलला तेव्हा खरं धरलं, आणि खरं बोलतोय तर म्हातारचळ. म्वानाइदीनं फोन हिसकावला. "ए बाई, तुझं वय तुझ्यापाशी ठेव! माझ्या भावाची जीभ म्हातारी झाली असेल, नाक झालेलं नाही. विमानात बस आणि ये, डोळे बांधून उभा करते त्याला!"

तिकडून फोन बंद झाला. पण थोड्या वेळानं बाईनं उरासाला एक फोटो पाठवला. ती कपाटातली फांदी आणि खालची चिठ्ठी. चिठ्ठीवर तिच्या हाताचं म्बोघोई. हे बघा, असं दाखवायला पाठवला.

उरासानं फोटो मोठा केला. सिंगानो वाकून बघत होता. अकरा वर्षांनी तो ती फांदी बघत होता. वाळून तपकिरी पडलेली, पांढऱ्या पुठ्ठ्यावर टाके घालून बसवलेली. बघता बघता त्याचं बोट एका जागी थांबलं. फांदीच्या बुडाशी सोपटाची दोरी होती. त्यांनी तीही जपली होती, पानावरच्या त्या मोजलेल्या केसांसारखीच.

"मोज," सिंगानो म्हणाला.

उरासानं मोजलं. "चार गाठी."

"चार म्हणजे काय ते तुझ्या बाईच्या पहिल्या वर्षीच्या वहीत आहे. तिला म्हणावं बघ." सिंगानो खोकत खोकत खाली बसला. तोंडानं म्बोघोई म्हणाला होता, पण हातांनी तीस वर्षांच्या सवयीनं जे होतं तेच बांधलं होतं. त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. "आणि बुडाला बघ. माझी फांदी कोयत्याची असते, तिरकी, एका घावाची. ही बघ."

फांदीचं बूड चिरफळलेलं होतं. साल लोंबत होती. ती तोडलेली नव्हती, हातानं पिरगळलेली होती. जिथं लोखंड न्यायचं नसतं, तिथली.

दुसऱ्या दिवशी इंगाबाईचा निरोप आला. वही सापडली होती. तीत लिहिलं होतं, चार म्हणजे घर, कधी दिसणार नाहीत. बाईनं तीन ओळींत कबूल केलं. चौथी ओळ होती, "तू माझ्याशी असं कसं वागलास?" उरासानं ती वाचून दाखवली तेव्हा म्वानाइदी म्हणाली, "तिला लिही, उन्हात मी बसले होते, ती नव्हती."

पण नुसत्या गाठींवर कौन्सिल ऐकणार नव्हतं. आत जाऊन झाडं मोजायला पाहिजे होती. म्हणजे परक्या माणसाला देवराईत सोडायला पाहिजे होतं. कनिकीकाकानं दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, "दगडवाले यंत्रं घेऊन शिरणार. त्यापेक्षा हा पोरगा अनवाणी शिरला तर पूर्वज जरा कमी रागावतील." उरासानं बूट काढले, पट्टा काढला, पट्ट्याला बक्कल होतं म्हणून. काकानं फोनकडं बोट दाखवलं. "ह्याच्यात लोखंड आहे का?"

"थोडं असेल, आजोबा."

"मग बाहेर."

उरासा कावराबावरा झाला. "मग मोजू कसं? लिहू कशात?"

सिंगानोनं खिशातून सोपटाची लांब दोरी काढून त्याच्या हातात दिली.

आणि मग कुणी कधी ऐकली नसेल अशी मोजणी झाली. आत पोरगा, बाहेर सिंगानो. हद्दीच्या झाडांपाशी उभा, पाऊलभर पुढं नाही, आणि तिथून ओरडतोय, "डावीकडं वळ! पडलेलं उंबर दिसलं? त्याच्या मागं सात आहेत! वर बघू नको गाढवा, बुंध्याशी बघ, पाचोळा सार! वास आला?"

"आला!" आतून.

"कसला?"

"घाण!"

"मग बरोबर आहे!"

कनिकीकाका पाठ करून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता का काय होतं ते म्वानाइदीला दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत पोरगा बाहेर आला तो अंगभर कोळिष्टकं, हातात दोरी. एक्केचाळीस गाठी. दुसऱ्या दिवशी काकानं फोटोपुरता फोन आत जाऊ दिला, तोही केळीच्या पानात गुंडाळून.

दगडवाल्यांची यंत्रं खालीच थांबली आणि महिन्याभरानं परत गेली. म्बोघोईचं कुंपण मात्र निघायला आणखी आठ महिने लागले. घालताना आठ दिवस लागले होते. त्या बायकांची माफी कुणी मागितली नाही. म्वानाइदीचा कोयता चौकीत हरवला म्हणे. झाडाचं नाव त्या देणगीवाल्याचंच राहिलं, तो नियम आहे म्हणतात, एकदा ठेवलं की ठेवलं. सिंगानो रोज हद्दीपर्यंत चढायचा, बाहेर दगडावर बसायचा, वास घ्यायचा, उतरायचा. आत कधी गेला नाही. पावसाळ्यात छाती भरली. म्वानाइदी येऊन राहिली होती. शेवटच्या दिवशी तिनं त्याच्या नाकाशी एक पान धरलं, लहानपणीसारखं. त्यानं डोळे न उघडता नाव सांगितलं. चुकीचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा चुकला, आणि तिला कळलं.

कनिकीकाकानं खड्डा स्वतः खणला, ऐंशीच्या वयात, कुणाला हात लावू दिला नाही. हद्दीच्या बाहेर, झाडांच्या रांगेपासून दोन हातांवर.

"काका, दोन हात," म्वानाइदी म्हणाली. "फक्त दोन हात सरकायचं होतं."

"दोन हात काय आणि एक बोट काय. बाहेर म्हणजे बाहेर." म्हाताऱ्याचे डोळे लाल होते. "मी बोललोय सगळ्यांदेखत. आता कसा फिरवू?"

"त्यानं सगळ्यांदेखत बोलून तुमची देवराई राखली! तुम्हाला एक शब्द फिरवता येत नाही?"

तो खणत राहिला.

असं सगळं झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो साहेब येतो, आणि सलीम म्हणतो.

"कुणाच्या मयताला आलायस तू?" म्वानाइदीनं दांडा त्याच्या कागदासमोर धरला. "सिंगानो. म्हण."

साहेबानं इकडंतिकडं बघितलं. कुणीच सोडवायला येईना. "सिंगानो," तो म्हणाला.

"शेमहिलू. ह खाऊ नकोस. तुला अंगणात बादा वाढणारच आहे."

"शेमहिलू."

"आता पुढं काय लिहिलंय? निष्ठावान मदतनीस? कुणाला मदत? नकाशा कुणाचा चुकला होता, त्याचा का तुझा? खोड ते. लिही, झाड ह्यानं दाखवलं. खोटं ह्यानंच सांगितलं. आणि खरं पण ह्यानंच सांगितलं, तेव्हा तू हसला होतास. हसलो, तेही लिही."

साहेबानं पेन काढलं. खरंच काढलं. दांड्यावरचं पीठ त्याच्या कागदावर पडत होतं, आणि तो लिहीत होता.

ती थांबली नाही बघायला. दांडा चुलीपाशी टाकला आणि कडा चढली. हद्दीच्या झाडांपाशी गेली. कोयता नव्हता, असता तरी त्या झाडांना लोखंड लावत नाहीत. हातानं पिरगळून तिनं त्यांच्या दोन काठ्या मोडून घेतल्या, मग आणखी चार, मग आणखी, जितक्या लागतील तितक्या. हात सोलले. काठी घेऊन भोकं पाडली, आणि कबरीच्या बाहेरच्या बाजूनं एकेक काठी रोवायला लागली, जुन्या रांगेच्या एका टोकापासून निघून, कबरीला वळसा घालून, दुसऱ्या टोकापर्यंत. कबर रांगेच्या आत.

कनिकीकाका धापा टाकत वर आला तोवर अर्ध्याहून जास्त रोवून झाल्या होत्या.

"काय चाललंय हे? हद्द कोण लावतंय? बाईमाणसानं हद्द लावलेली ऐकली आहेस कधी?"

"तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा, काका. मी त्याला हात लावलेला नाही. तुम्ही त्याला बाहेर पुरलात. हद्द पुढं सरकली तर तो काय करील?" तिनं पुढची काठी घातली. मातीचे हात कांग्याला पुसले. "नसेल पटत तर उपटा. मी उभी आहे. उपटा माझ्यासमोर."

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. खालून साहेबाची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि विरला. मग तो पुढं आला, वाकला, आणि तिनं आत्ताच रोवलेल्या काठीला हात घातला. म्वानाइदीनं मुठी आवळल्या.

"तिरकी रोवलीस," तो म्हणाला. "अशानं मूळ धरत नाही. सरळ रोव."

"मला शिकवू नका," ती म्हणाली. पण काठी सरळ केली.